ज्याच्या नावाची गाठ

दोन्ही खोल्यांची भीती सारखीच उतरली होती. डॉक्टर सिहेमने आकडे पुन्हा ताडून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

अल्जीयर्सच्या त्या इस्पितळात मंगळवारी कॅन्सरच्या बायकांना औषध चढायचं. समुद्राकडच्या खोलीत औषधासोबत बुकालाचा खेळही चाले. मनात कुणाला तरी धरून रुमालाला गाठ मारायची. त्यांच्यातल्याच झुलेखा मावशीच्या तोंडून येईल ते कवन त्या माणसाचा कौल. अंगणाकडच्या खोलीत नुसतं औषध. कुणी कुठे बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. भीती किती, मळमळ किती, ते बायका शून्य ते दहाच्या पट्टीवर बोट ठेवून सांगत. खेळाच्या खोलीत फरक दिसला तर खेळ राहणार, नाहीतर बंद, असं प्रोफेसरांनी बजावलं होतं. सिहेमला तो राहायला हवा होता.

ती अंगणाकडच्या खोलीत शिरली, तर दारातच हशा अंगावर आला. वर्दिया केस गेलेल्या डोक्यावरचा रुमाल काढून, सुईचा हात सांभाळत ठेक्यात म्हणत होती:

“पानं गळली डाळिंबाची, हसल्या शेजारणी;
फुलं लागता मागायाला येतील त्याच जणी!”

“हे कुठून आलं तुझ्याकडे?”

“माझंच आहे. ताऊसनं माझ्या नावानं गाठ मारली, तेव्हा हे निघालं.”

“ताऊस तर पलीकडच्या खोलीत बसते!”

“बसते ना. औषध संपलं की येते, देते नि जाते.”

सिहेम तडक समुद्राकडच्या खोलीत गेली. “ताऊस, तू कवनं तिकडे नेतेस?”

“मी एकटी कशाला? सगळ्याच नेतो. ज्याच्या नावाची गाठ, त्याचं कवन. दुसऱ्याची ठेव घेऊन घरी जाऊ की काय?”

“पण गाठ मारायला घरची माणसं नव्हती?”

“घरच्यांचं बरं चाललंय. नवऱ्याचं तर जरा जास्तच बरं चाललंय.” खोली खदखदली. ताऊसचा आवाज खाली आला. “भ्यायल्या होत्या त्या पलीकडच्या. त्यांना खेळ नाही, गाणं नाही. मग गाठ दुसऱ्या कुणाची मारणार?”

“अहो, त्यांना काही मिळायचंच नव्हतं! त्यावरच तर सगळं अवलंबून होतं!”

“असं होय?” झुलेखा मावशी म्हणाली. “मग आधी सांगायचंस. ऐकलं नसतंच म्हणा आम्ही.”

सिहेमला रागवायचं होतं. हसू मध्ये आलं.

“बस इथं,” मावशीनं खुर्ची दाखवली. “तूही मार एक गाठ.”

सिहेमने गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारली. मावशीनं डोळे मिटले. सलाइनचे थेंब तेवढे चालत राहिले.

“भिंत घातली बागेभोवती, कुलूप घातलं दारी;
जाईचा वास विचारून का जातो शेजारणीच्या घरी?”

बायकांनी जिभा नाचवत किलकारी दिली. “सांग, सांग! कुणाची गाठ?”

सिहेम कानापर्यंत लाल झाली. “प्रोफेसरांची.”

असा हशा उठला की सलाइनच्या बाटल्या डुलायला लागल्या.

“मग जा की वर,” ताऊस डोळे पुसत म्हणाली. “ठेव पोचवून ये.”

“प्रोफेसरांसमोर कवन म्हणू?”

“म्हणायचं म्हणजे म्हणायचं,” मावशी म्हणाली. “आणि ठेका सोडू नकोस.”

वरच्या मजल्यावर प्रोफेसरांनी मान वर न करताच विचारलं, “फरक दिसला?”

“नाही, सर. दोन्ही खोल्या सारख्याच सुधारल्यात. का, ते सांगते. पण आधी तुमची एक ठेव आहे माझ्याकडे.”

त्यांनी आता मान वर केली. सिहेमने घसा साफ केला, पायानं हलकेच ठेका धरला आणि रुमालाची गाठ सोडू लागली.