दोन दांड्यांचं निशाण

“हे निशाण अनवील्डी आहे,” नवे पाद्री म्हणाले, आणि चर्चच्या हॉलमधली कुजबुज थांबली.

पाद्री विद्यापीठातून आलेले. शब्द सोलून दाखवायची त्यांना भारी हौस. “‘वील्ड’ म्हणजे जुन्या इंग्रजीत राज्य करणं. पुढे तलवार पेलणं, हत्यार चालवणं. ज्याच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही, ते अनवील्डी.”

खोटं नव्हतं. भिंतीएवढं रेशीम, दोन दांडे, पुढेमागे दोऱ्या ओढायला माणसं. व्हिटसनच्या सणाला चर्चच्या मिरवणुकीत टेकडीवर वारा सुटला की ते सगळ्यांना फरफटत न्यायचं. उजवा दांडा नॉर्मन एन्टविसलचा, डावा त्याच्या धाकट्या भावाचा, क्लिफर्डचा. बापाच्या शर्यतीच्या कबुतरांवरून दोघांचं फाटलं, त्याला आता जमाना झाला. एरवी रस्त्यात भेटले तरी ओळख दाखवत नाहीत. आजही एक दाराशी बसला होता, एक पार खिडकीशी.

पाद्र्यांनी नायलॉनचं नवं निशाण एका हातात धरून गरगर फिरवून दाखवलं. “अगबाई, किती सुटसुटीत!” बायका म्हणाल्या. नव्याच्या बाजूने भराभर हात वर झाले.

“नाही,” नॉर्मन उठला. “जुनंच न्यायचं.”

“अहो, कंबर बघा स्वतःची!” त्याची बायको एनिड कडाडली. “गेल्या व्हिटसनला सलग आठवडाभर आडवे होतात. बूट मी घालत होते तुमचे!”

“कंबर माझी आहे.”

“नॉर्मन, अहो, हे एकट्याला नेता येतं,” पाद्री समजुतीने म्हणाले.

“तेच तर बोंबलतोय मी!” नॉर्मनने टोपी मुठीत चुरगळली. “एकट्याला नेता येतं. मग आमचा क्लिफर्ड माझ्याशी कशाला बोलेल? वर्षातून त्या एकाच दिवशी बोलतो तो.”

एनिडने वर केलेला हात हळूच खाली घेतला.

“आणि... काय बोलता?” पाद्र्यांनी विचारलं.

“काय बोलणार? ‘डावीकडे घे.’ ‘सैल सोड.’ बस.”

खिडकीशी क्लिफर्ड खाकरला. भावाकडे न बघता, पाद्र्यांना उद्देशून म्हणाला,

“गेल्या वर्षी ‘सांभाळ रे’ पण म्हणाला होता.”