वाटणीचा कंद

"हसू नका हं कुणी," बसवाली आपल्या वाफ्यात गुडघ्यांवर बसत म्हणाली. "माझ्याकडे उकरायला काहीच नाहीये."

शाळेची बस चालवणारी ही बाई बागमंडळात याच वर्षी आली होती. पहिलं हिम पडलं की मंडळाचे सगळे सभासद एका रविवारी मळ्यात जमतात आणि एकेका वाफ्यातले डेलियाचे कंद मिळून काढतात, नाहीतर हिवाळ्यात ते जमिनीतच कुजून जातात. आज सकाळपासून तेच चाललं होतं. सगळ्यांच्या वाफ्यांत हिमाने काळवंडलेले बुंधे उभे होते. बसवालीच्या वाफ्यात एक काठी होती, काठीला नावाची चिठ्ठी होती आणि भोवती बसचे जुने वायपर रोवून केलेलं वीतभर कुंपण होतं. आत नुसती माती.

गावातली घड्याळं दुरुस्त करणारे, मंडळातले जुने सभासद घड्याळजी दोन पावलं मागे सरकले. चोराच्या मनात चांदणं.

नऊ वर्षं मंडळाचा सर्वोत्तम फुलाचा कप त्यांच्या काळ्या-जांभळ्या डेलियालाच मिळत होता. नियम असा, की कप घेणाऱ्याने वसंतात त्या झाडाचा एक कंद नव्या सभासदाला द्यायचा. घड्याळजींनी तो दरवर्षी न चुकता दिला. फक्त देताना असा कापला, की मानेवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो ठिपका, त्यांच्याच वाटणीला राहावा. डोळ्यावाचून कंद उगवत नाही. नियमही पाळला गेला, डेलियाही घरातच राहिला. साप मेला आणि काठीही मोडली नाही. आधीच्या आठ जणांनी महिनाभर वाट पाहिली, नशिबाला बोल लावला आणि तिथे कोबी लावून टाकला. ही एकच बाई अशी निघाली, की तिने काठी उपटलीच नाही.

"पाणी जास्त झालं असेल," घड्याळजी म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"तसंच असणार, काका. रोज सकाळी बस काढायच्या आधी घालत होते ना मी. सासूबाई म्हणायच्या, मातीला पाणी पाजून माती मोठी होते का गं?" ती हसली, मग तिचं हसू ओसरलं. खिशातून मळ्याच्या फाटकाची किल्ली काढून तिने मंडळाच्या अध्यक्षीणबाईंपुढे धरली. या निवृत्त नर्स; सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत. "हा वाफा दुसऱ्या कुणाला तरी द्या, नर्सबाई. काकांनी एवढा नावाजलेला कंद विश्वासाने दिला आणि मी तो बुडवून मारला. माझा हातच वाईट आहे."

नर्सबाईंनी किल्ली घेतली नाही. "आधी उकरून तर बघ," त्या म्हणाल्या.

कुजलेला असू दे, घड्याळजींनी मनातल्या मनात म्हटलं. इतक्या कळकळीने त्यांनी आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं.

बसवालीने खुरपं बाजूला ठेवलं आणि हातांनीच माती सारली. कंद निघाला. रताळ्यासारखा गरगरीत, घट्ट, अंगाला पांढरी मुळं फुटलेला.

"अहो, जिवंत आहे!" ती एवढ्याने ओरडली, की पलीकडच्या वाफ्यांवरचे लोकही धावत आले. "काका, बघा ना! मेला नाहीये!"

कंद हातोहात फिरला. जो तो हसत हातात घेई, उलटून मान बघे आणि हसायचा थांबे. शेवटी तो नर्सबाईंकडे आला. त्यांनी मानेवरून अंगठा फिरवला. काप सरळ होता, पातळ पात्याने एका झटक्यात घेतलेला.

"याला डोळाच नाही," त्या म्हणाल्या. "अगं, शंभर वर्षं पाणी घातलं असतंस तरी हा उगवला नसता. तुझ्या हाताला काही झालेलं नाही."

आता कोबीवाले आठही जण घड्याळजींकडे बघत होते. घड्याळजींची कानशिलं तापली. लाजेने त्यांना स्वतःचे हात कुठे ठेवावेत तेही कळेना, मग त्यांनी ते कोटाच्या खिशात घातले. मीच काढला, एवढे दोनच शब्द सांगायचे होते. ते ओठांपर्यंत आलेही होते.

तेवढ्यात बसवालीच म्हणाली, "चुकून राहिला असेल हो. एवढासा ठिपका, या वयात दिसतो का कुणाला? काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"हो," घड्याळजी म्हणाले. "दिसला नाही."

नर्सबाईंनी मनगटावरच्या आपल्या चिमुकल्या घड्याळाकडे पाहिलं. मागच्याच आठवड्यात घड्याळजींनी त्याचा मोहरीहून बारीक स्क्रू त्यांच्यासमोर बसवला होता, तोही चष्म्याशिवाय.

"हो का," नर्सबाई म्हणाल्या.

बसवालीने किल्ली पुन्हा खिशात टाकली. कंदाची माती झटकली आणि तो आपल्या मफलरमध्ये गुंडाळला. इतके दिवस पोसलाय, राहू दे माझ्याकडे, असं काहीसं ती पुटपुटली. मग उठून तिने घड्याळजींचा दंड हलकेच धरला, रस्ता ओलांडताना म्हाताऱ्या माणसाचा धरावा तसा.

"काका, वसंतात कंद कापायला बसाल ना, तेव्हा मला हाक मारा," ती म्हणाली. "मी शेजारी बसेन. डोळा कुठे आहे, ते बघून सांगत जाईन तुम्हाला."