पाच वर्षं पुरी होईपर्यंत

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं ते १९५७ साल. त्याच वर्षी माझ्या बहिणीचा, जनीचा, काडीमोड झाला. पनवेलच्या वकिलांनी नवराबायकोला समोर बसवून नवा कायदा समजावला, "पोर पाच वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहील. पुढे बाप मागू शकतो." त्यांची चंद्रावती तेव्हा तीन वर्षांची होती. तिचा बाप भगवान हो म्हणाला आणि बोटीवर खलाशी म्हणून निघून गेला. पुढे चार वर्षं त्याचा पत्ता कोणालाच नव्हता.

मग एका दुपारी तो आमच्या घरी पोरीला न्यायला आला. जनी माझ्याकडेच राहत होती. सात वर्षांच्या मापाचा झगा शिवून आणला होता.

"जने, मुदत सरली. पोर दे माजी."

"कशी सरली? ती आजून चारचीच हाय."

"मिठागरातलं हंगाम बरं मोजतेस, नि पोरीची वर्सं मोजता येत नाय तुला?"

"आत खेळतेय. तूच बघ जा."

भगवान आत गेला. मी अंगणातच थांबलो. त्या खोलीत मी कधी जात नसे. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तेव्हा झगा त्याच्या हातातच होता.

"दादा, जनी खोटं बोलत नाय," तो मला म्हणाला. "झगा पार पायाखाली येतो तिच्या. पुडल्या वर्सी येतो."

चंद्रावती १९५८ च्या शिमग्यात गोवराने वारली, तेव्हा ती चार वर्षांची होती.