न कापलेली गोष्ट

“टेप दे इकडे,” बाप म्हणाला.

“नाही देणार.”

बाप लग्नांचं शूटिंग करायचा. कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून तो निघायच्या तयारीत उभा होता. संध्याकाळची ऑर्डर होती आणि घरात कोरी टेप एकही नव्हती. म्हणजे आता याच टेपवर कुणाचं तरी लग्न चढणार आणि खालची पोरीची गोष्ट पुसली जाणार. पोरीनं टेप मुठीत आवळून धरली होती. दुसऱ्या हातानं ती बापाच्या पिशवीतून कॅमेरा उपसत होती.

वाचनालयाला लहान मुलांना गोष्टी सांगणारी ताई हवी होती. अर्जासोबत गोष्ट सांगतानाची क्लिप मागितली होती. बापानंच पोरीला जिन्यात बसवलं, समोर बिल्डिंगमधली बारकी पोरं बसवली आणि शूट केलं. मग एकटाच बसून कापलं. पोरगी बोलताना अडखळायची. जिथे अडखळली तिथे कात्री. उरली ती तीन मिनिटांची क्लिप, गुळगुळीत, बातम्या देणाऱ्या बाईसारखी. न कापलेली फाइल त्यानं लॅपटॉपमधून उडवूनही टाकली. आता ती फक्त टेपवर होती.

“एवढी झकास झालीय ती,” बाप म्हणाला. “कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“आणि तिथे रोज गोष्ट स-सांगायला लागल्यावर? कात्री घेऊन शेजारी बसणार का तुम्ही?”

“बसतीलही,” आतून आई म्हणाली. “काही सांगता येत नाही यांचं.”

पोरीनं टेप कॅमेऱ्यात सरकवली. केबलचं एक टोक कॅमेऱ्यात, दुसरं लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप ढिम्म. कॅमेरा सापडत नाही म्हणे. बाप गालात हसला. तिनं केबल उपटली, फुंकर मारली, परत खुपसली. तरी तेच. मग तिची नजर कॅमेऱ्यावरच्या चकतीकडे गेली. ती शूटिंगवरच होती. तिनं चकती खटकन ‘प्ले’वर फिरवली आणि पडद्यावर जिना उगवला.

“आठ मिनिटांचं आहे ते,” बाप म्हणाला. “त्यांनी तीन मागितलीत. पहिल्या मिनिटातच फेकून देतील.”

“देऊ देत.”

“बरं, मग पळव तरी. मला उशीर होतोय.”

“पळवून नाही उतरत. टेप आपल्याच च... चालीनं उतरते. तुम्हीच शिकवलंय.”

ते खरं होतं. या जुन्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायचा तर टेप पूर्ण चालवावी लागायची. ती जेवढी, तेवढाच वेळ. आणि कॅमेरा घेतल्याशिवाय बापाला जाता येत नव्हतं. त्यानं वाकून केबल चिमटीत धरली.

“आणि मी ही काढली तर?”

“काढा की. मग मी अ-अर्जच करत नाही. तुमच्या क्लिपमधल्या पोरीला पाठवा नोकरीला.”

बापानं केबल सोडली.

पडद्यावर पोरगी बोलत होती. “आणि मग अस्वलानं हळूच ख... ख...” शब्द अडकला. तिचा जबडा आवळला गेला, पापण्या फडफडायला लागल्या.

“खिडकी,” इकडे बाप लगेच म्हणाला. लहानपणापासून तिचे निम्मे शब्द त्यानंच संपवले होते.

पडद्यावरच्या पोरीला ते ऐकू गेलं नाही. ती अडकलेलीच होती. पण समोरची पोरं सरसावून बसली.

“खुर्ची.”

“खार, खार.”

“ए गप, खड्डा असणार.”

एक शेंबडी म्हणाली, “खाऊ.” पोरगी अडकल्या तोंडानंच मान हलवत होती. नाही. नाही. हेही नाही. मग शब्द सुटला. “खिडकी उघडली.” पोरांनी पाय आपटून जिना दणाणून सोडला. खुर्चीवाला म्हणाला, “मी तेच म्हणणार होतो,” आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडले.

बापाच्या क्लिपमध्ये अस्वल सरळ खिडकी उघडायचं आणि पोरं येड्यासारखी उगाचच पाय आपटायची.

ओले हात पदराला पुसत आई येऊन उभी राहिली. “हे पोरांचं कुठे होतं? मला दाखवलीत त्यात नव्हतं.”

“आवाज फार होता,” बाप म्हणाला.

त्यानं खांद्यावरची पिशवी काढली आणि तो स्टूल ओढून टेकला. पोरगी पडद्यावर परत अडकली. बापाचं तोंड उघडलं. पोरीनं त्याच्याकडे असं काही बघितलं की ते तसंच मिटलं. पडद्यावर पोरांचं सुरू झालं, हे असेल, नाही ते असेल. गोष्ट जिन्यावरून लंगडत, थांबत खाली उतरत राहिली. अस्वल शेवटी घरी पोचलं, तेव्हा पोरांपैकी कुणीच उठायला तयार नव्हतं.

पोरीनं टेप काढून बापाच्या हातात दिली. “घ्या. चढवा आता ल-लग्न.”

बाप हलला नाही. पोरीनं क्लिप नेटवर चढवली, लिंक अर्जाला जोडली. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

“ठीक आहे. पण खाली एक ओळ लिही. क्लिप मोठी झाली, त्याबद्दल माफ करा. एवढं तरी लिहावं माणसानं.”

तिनं लिहिलं. टाइप करताना ती कधीच अडखळत नव्हती. बापानं वाचायला मान पुढे काढली, त्याचा हात मध्ये यायच्या आत तिनं अर्ज पाठवूनही टाकला.

खाली ओळ होती: क्लिप मोठी आहे. बसून बघा.