हृदयाचा मित्र

“रोज दोन तुकडे,” डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्या रांगेत पेंगत बसलेल्या त्यांच्या आईचे डोळे खाडकन उघडले.

सभागृह गच्च भरलं होतं. बहुतेक सगळे डॉक्टरांचेच पेशंट, साठी ओलांडलेले. कार्यक्रम एका चॉकलेट कंपनीचा. मागच्या पडद्यावर एक गुबगुबीत लाल हृदय उड्या मारत होतं. काळं चॉकलेट म्हणजे हृदयाचा मित्र, डॉक्टर सांगत होते. रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. रक्तदाब आटोक्यात राहतो. विसरभोळेपणा जातो. लग्न जमवणाऱ्याने मुलाचे गुण सांगावेत, तसे ते चॉकलेटचे गुण सांगत होते. लोक माना डोलवत होते. दाराशी टोपल्या भरून नमुने ठेवलेले होते. तिकडे आतापासूनच नजरा वळत होत्या.

अक्का, म्हणजे डॉक्टरांच्या आई, मात्र ताठ होऊन बसल्या. त्यांचे यजमान हृदयाच्या दुखण्यानेच गेले. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला होता, चॉकलेटचा. कुणीतरी भेटायला येताना आणलेली वडी त्यांनी उशीखाली दडवली होती. लेकाच्या हुकमावरून अक्कांनीच ती शोधली आणि कचऱ्यात टाकली. “विष आहे ते, आई,” लेक म्हणाला होता. म्हातारा लहान मुलासारखा रुसून भिंतीकडे तोंड करून पडला. दोन दिवस अक्कांशी बोलला नाही.

“कुणाला काही शंका?” कंपनीच्या बाईंनी हसून विचारलं.

अक्कांनी त्यांच्या हातातला माईक जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“मग तुझ्या बापाला का दिलं नाहीस रे, मेल्या?”

सभागृहात खसखस पिकली. डॉक्टरांचं हसू ओठांवरच थिजलं. ते लगबगीने खाली उतरले, आईच्या कानाशी वाकले आणि काहीतरी पुटपुटले. पण अक्कांना ऐकू कमी यायचं.

“काय? मोठ्याने बोल!”

“आई, घरी बोलू.”

“घरी नाही, इथेच. त्यांच्या तोंडचा घास मी काढून घेतला, तुझ्या सांगण्यावरून. मला धडधाकट बाईला तू एका तुकड्याला शिवू देत नाहीस. नातवंडांना चॉकलेट घरात आणू देत नाहीस. सगळ्या जगाला औषध आणि आपल्या माणसांना विष? वैर आहे का आमच्याशी?”

शेवटचं वाक्य बोलताना अक्का रडकुंडीला आल्या. डॉक्टरांना ते सहन झालं नाही. वैर म्हणे! ज्या बापासाठी त्यांनी रात्रीचा दिवस केला, त्याच्यावरून हे ऐकायचं? समोर कोण बसलंय, आईच्या हातातला माईक चालू आहे, कसलंच भान त्यांना राहिलं नाही. त्यांनी आईचे खांदे धरले आणि कळवळून ओरडले,

“वैर कसलं, आई? तुम्ही माझी माणसं आहात, तुम्हाला कसं खाऊ देईन मी हे?”