सव्वाचारची सर

"सपाटीच्या गावांना आज सव्वाचारला गडगडाटासह सर," हवामान खात्याचं वेळापत्रक सांगत होतं. खातंच पाऊस ठरल्या मिनिटाला पाडायला लागल्यापासून चैत्रात कुणाचंच वाळवण भिजत नव्हतं. पूर्वी ढग वाजला की शेजारणी एकमेकींच्या गच्चीवर धावायच्या, कुरडया गोळा करायच्या आणि चहाला थांबायच्या.

चार वाजता शकूताईंनी मुद्दाम गच्चीवर ओल्या कुरडया घातल्या.

"आई, सव्वाचारला पाऊस आहे!" सून म्हणाली.

"ठाऊक आहे गं."

वीज कडाडली. जिन्यात पावलं काही वाजली नाहीत. थेंब पडू लागले, तशी शकूताईंनी मान वर केली. समोरच्या गच्चीवर हौसाबाई, ओले पापड पसरून, जिन्याकडे डोळे लावून बसल्या होत्या.

"आले गं हौसे, आले!" कुरडया तशाच टाकून शकूताई धावल्या.