गच्चीवरचा तंबू

अमिता तंबूच्या दाराशी उभी होती आणि नाना, तिचे वडील, तिला आत जाऊ देत नव्हते.

सुदामा नगरातल्या त्या घराची गच्ची फौजी तंबूनं जवळजवळ भरून गेली होती. जाड हिरवं कॅनव्हास, त्याला मेणाचा उग्र वास, मधोमध लाकडी खांब, चारी बाजूंनी वाळूच्या पोत्यांना बांधलेल्या दोऱ्या. जन्मभर वीज मंडळात बाबूगिरी केलेल्या नानांनी तो सियागंजच्या बाजारातून विकत आणला होता. दारात खुर्ची टाकून ते दिवसभर बसत आणि डुलक्या काढत.

समोरच्या सुनंदाकाकूंनीच पुण्याला फोन केला होता. नानाजी झोपायलासुद्धा वरच असतात, कोणी जिना चढलं की ओरडतात, कॉलनीत हसं होतंय, तू एकदा येऊन बघून जा बेटा, असं त्या म्हणाल्या. अमिता मिळेल त्या बसनं आली.

"घरात काय अडचण आहे, नाना?"

"गुदमरायला होतं. इथं कापडाचं छत आहे. हलकं."

बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

खाली स्वानंदनं, तिच्या धाकट्या भावानं, पोहे केले होते. तो फौजेत कॅप्टन. हिवाळ्यात त्याच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला, त्यातून तो साधा ओरखडाही न उमटता वाचला आणि लंबी सुट्टी घेऊन घरी आला. दाढी घोटलेली, शर्ट कडक इस्त्रीचा. त्याच्या पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. हा आहे म्हणून घर चाललंय, असं अमिताला वाटलं.

नानांना डॉक्टरला दाखवू या, असं तिनं त्याला सांगितलं. त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला.

"राहू दे ना ताई. कोणाला काय परेशानी आहे?"

"लोक त्यांना वेडा म्हणतात, स्वानंद."

"हो," एवढंच बोलून तो उठला. भंवरकुआंला मित्राकडे जाऊन येतो म्हणाला.

अमिताला बसवेना. उगीच या खोलीतून त्या खोलीत ती फिरत राहिली. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांची संध्याकाळची अपॉइंटमेंट घेऊनच टाकली. नाना चिडतील असं तिला वाटलं होतं, पण ते लगेच तयार झाले. डॉक्टर चांगला आहे ना, एवढंच त्यांनी पुन्हापुन्हा विचारलं. मग आंघोळीला गेले. जाताना मात्र बजावून गेले, "तंबूला हात लावू नकोस."

तंबू उभा राहिला तर डॉक्टरकडून आल्यावर ते परत त्यातच जाऊन बसणार. अमिता गच्चीवर गेली आणि गाठी सोडायला लागली. पहिली दोरी सुटली. दुसरी सुटताच खांब कलला आणि कॅनव्हासची एक बाजू धपकन खाली आली.

आतून किंकाळी ऐकू आली.

ती जागच्या जागी थिजली. जिन्यावर पावलं वाजली. ओला पंचा गुंडाळलेले, अंगावर साबण तसाच असलेले नाना तिला ढकलून आत घुसले. कलता खांब त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्यांच्या पायाशी, बूट घातलेले पाय पोटाशी घेऊन, डोकं हातांत दाबून कोणीतरी थरथरत होतं.

"मी धरलंय बेटा," नाना म्हणाले. "बर्फ नाहीये, स्वानंद. घरी आहेस तू."